नानांचं कॅलिबर

लिफ्टमध्ये माणसं हवापाण्याबद्दल बोलतात. आमच्या बंगळूरच्या मारतहळ्ळीत पाणी म्हणजे टँकर, आणि तो विषय तळमजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत आरामात पुरतो. नाना मात्र माझ्यामागोमाग लिफ्टमध्ये शिरले, माझ्या हातातल्या दुधाच्या पिशव्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "ऐंशी किलोचं रानडुक्कर. साठ यार्डांवर. आडवं उभं आहे. काय घेशील?"

ओळख ना पाळख. मी आपलं खरं ते सांगितलं, "झाड गाठेन."

"ते नंतर. थ्री-फिफ्टीन की थर्टी-ओ-सिक्स?"

सातवा मजला आला. नाना बाहेर पडले, पण एक पाय दारात अडकवून ठेवला. लिफ्ट टुंईटुंई करायला लागली. त्या गजरात मला कळलं, की थ्री-फिफ्टीन म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास .३१५ इंच, म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटर; की थर्टी-ओ-सिक्समधला ओ-सिक्स म्हणजे १९०६, ज्या साली अमेरिकेच्या लष्कराने ते काडतूस घेतलं; आणि पहिलं डुकराला पुरेसं, दुसरं पुरून उरणारं. "आता प्रश्न असा, की उरवायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी पाय काढला. वर पोचेपर्यंत एक पिशवी गळायला लागली होती.

नाना रायफल घेतायत. हे वाक्य चालू वर्तमानकाळात आहे आणि गेली अठरा वर्षं ते चालूच आहे. मधल्या काळात त्यांनी फ्लॅट घेतला, गाडी घेतली, मुलीचं लग्न केलं, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यातल्या कशाचाही पंधरा दिवसांच्या वर विचार केला नाही. गुडघ्याची वाटी कुठल्या कंपनीची बसवली हे त्यांना आजही ठाऊक नाही. पण सॅव्हेज अ‍ॅक्सिसचा चाप आणि रुगर अमेरिकनचा चाप यांत कोणता हलका, यावर ते कांदेपोहे गार होईपर्यंत बोलतात.

मूळचे आजऱ्याचे. इथल्या विमान कारखान्यात टूलरूमला आयुष्य गेलं, त्यामुळे मिलिमीटरचा शंभरावा भाग हा त्यांच्या दृष्टीने मोकळाढाकळा ऐसपैस प्रदेश. काकू कणीक मळत असल्या तरी "पाणी अंदाजे घालू नकोस" म्हणतात. मारतहळ्ळीचं नाव कारखान्यात बनलेल्या 'मारुत' विमानावरून पडलं असं इथे कोणी सांगितलं, की नाना चष्मा काढतात. "मारुत पहिल्यांदा उडालं १९६१ साली. गाव काय तोवर बिननावाचं होतं?" मग शहाजीराजांची जहागीर, १६८७ साली तीन लाखांत झालेला बंगळूरचा सौदा, असं करत करत गाडी मराठ्यांच्या तोड्याच्या बंदुकांवर येते आणि तिथून थेट थ्री-फिफ्टीनवर. कुठूनही निघा, नानांचा रिंग रोड तिथेच आणून सोडतो. फक्त आमच्या रिंग रोडपेक्षा लवकर.

त्यांच्याकडे तीन फायली आहेत. पहिलीत किमती, दुसरीत कॅलिबरं, तिसरीत कायदा. किमतींच्या तक्त्यात डावीकडून रायफलीचं नाव, वजन, खांद्याला बसणारा धक्का, काडतुसाचा भाव, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'घरचं मत' असा असून त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे. दुसऱ्या ओळीपासून तर नुसती वरच्यासारखी खूण.

स्वस्त आणि मस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली जगात भरपूर आहेत, हे नानांचं पहिलं दुःख. पुतण्या टेक्सासला असतो. तो एकदा कौतुकाने म्हणाला, "नाना, इथे दूध-अंडी आणायला जातो त्याच दुकानात मागच्या बाजूला रायफली असतात. चारशे डॉलरच्या आसपास." नानांनी लगेच गुणाकार केला. काकूंच्या मोबाइलपेक्षा स्वस्त! त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी तिसरी फाईल उघडली आणि मग पुन्हा झोप लागली, कारण खाजगी माणसाला परदेशातून बंदूक मागवायचं दार ऐंशीच्या दशकातच बंद झालंय. त्याआधी आलेल्या जुन्या माउझर, ब्रनो, विंचेस्टर हातोहात फिरत राहतात आणि त्यांचे भाव लाखांत जातात. चुलत्याची जमीन आणि जुनी माउझर, दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत तो विकत नाही.

म्हणजे उरली सरकारी. बंगालात इशापूरला १९०४ पासून रायफलींचा कारखाना आहे. त्याची थ्री-फिफ्टीन म्हणजे गोऱ्या सोल्जरच्या ली-एनफिल्डची नात म्हणावी अशी: तोच खटका, तोच बांधा, फक्त नळी वेगळी. नळी वेगळी का, यावर नानांचं खास प्रेम आहे. फौजेचं काडतूस प्रजेच्या बंदुकीत बसता कामा नये, हा इंग्रजांचा दंडक. फौजेची थ्री-नॉट-थ्री, म्हणून प्रजेला थ्री-नॉट-थ्री नाही. मग ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं एक जुनं काडतूस शोधून काढलं, ते प्रजेला दिलं. इंग्रज गेले, दंडक राहिला. "म्हणजे बघ," नाना म्हणतात, "डुक्कर आजऱ्याचं, शेतकरी आजऱ्याचा, आणि गोळी कुठली हे ठरवलं कुणी? व्हिएन्नाने!" २०२१ साली सरकारी शस्त्रकारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा नाना दोन दिवस अस्वस्थ होते. रायफल तीच राहिली, पण तक्त्यातलं कंपनीचं नाव खोडून नवं लिहावं लागलं, आणि नानांच्या तक्त्यात खाडाखोड चालत नाही. त्यांनी अख्खा तक्ता नव्याने उतरवून काढला.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का, हे विचारायची चूक मी एकदाच केली. नानांनी माझा दंड धरून मला मागच्या बाल्कनीच्या दाराशी नेलं. त्या दाराला पितळी आडवी कडी आहे, जाड बोटाएवढी, पुढे आलेला छोटा दांडा असलेली.

"ही उचलली." दांडा वर. "कुलूप सुटलं." कडी मागे. "रिकामं काडतूस बाहेर, तिकडे उडालं." मी खरंच तिकडे बघितलं; तिथे तुळस होती. कडी पुढे. "नवं काडतूस नळीत." दांडा खाली. "बंद! आता इंद्र आला तरी हलणार नाही. यात बिघडायला आहे काय? म्हणून स्वस्त, म्हणून टिकाऊ, म्हणून नेमकी."

वर, मागे, पुढे, खाली. मग मला करायला लावलं. कडी लोण्यासारखी सरकत होती. दर रविवारी नाना तिला शिवणयंत्राचं तेल घालतात, कापसाची वात करून आतून पुसतात, आणि दांडा खाली पडताना येणारा 'टक' आवाज कान लावून ऐकतात. टक बरोबर आला नाही तर पुन्हा तेल. त्या घरात कपाटाची बिजागरी करकरते, न्हाणीघराचं दार अडकतं, पण बाल्कनीची कडी ऑलिंपिकला पाठवावी अशी आहे. "पहिला नियम," नाना मला म्हणाले, "खटका उघडा आहे की बंद, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाठ फिरवायची नाही." हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा.

नानांनी आयुष्यात प्रत्यक्ष झाडलेल्या गोळ्या एकूण पाच. कॉलेजात एनसीसीत, पॉइंट टू-टूने. पाचांतली एक कागदाला लागली. तो कागद शेजारच्या पोराचा होता हे त्यांनी स्वतःच सांगितलं; माणूस खोटं बोलणारा नाही.

शिकाऱ्यांतही त्यांचे पंथ आहेत. केनेथ अँडरसन बंगळूरचाच, आणि याच विमान कारखान्यात नोकरीला होता, म्हणजे एका अर्थाने नानांचा सिनियर. दुसरा कोणी असता तर घरात फोटो लावला असता. पण अँडरसनची रायफल विंचेस्टर फोर-नॉट-फाइव्ह. "लिव्हर-अ‍ॅक्शन!" नाना आवाज खाली आणून सांगतात, चांगल्या घरातल्या मुलाने काही भलतंच केल्यासारखं. "माणूस मोठा. नरभक्षक मारले, पुस्तकं लिहिली. पण खालून दांडा ओढायचा? पडून मारायची वेळ आली तर कोपर कुठे जाणार?" नाना त्यामुळे कॉर्बेटपंथी. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली कॉर्बेटला बक्षीस मिळालेली टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी, माउझरचा खटका. तिचा फोटो मात्र आहे, देवघराच्या बाजूला. काकू रोज देवांना फूल वाहतात तेव्हा एखादी पाकळी उडून तिच्यावर पडते. नाना ती काढत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगायची तर या देशात शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपली. नाना तेव्हा हायस्कुलात होते. म्हणजे त्यांना मिसरूड फुटायच्या आत शिकार बंद झाली होती. शेताचं वाटोळं करणारं रानडुक्कर मारायचं तरी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि गव्याकडे तर रागाने बघायचीही सोय नाही. नानांचा सगळा डोलारा त्या डुकरावर उभा आहे. आजऱ्यात भाऊ ऊस आणि घनसाळ भात करतो. डुकरं येतात हे खरं. पण भाऊ फोनवर म्हणतो, "नाना, तुझी रायफल हुईस्तवर डुकरं थांबत्यात व्हय? त्यापेक्षा वहिनीस्नी सांग, जुन्या साड्या धाडून दे." शेताच्या कडेने साड्या बांधल्या की वाऱ्याने फडफडतात, डुकरं बिचकतात. त्यामुळे दर दिवाळीला आमच्या सोसायटीतून आजऱ्याला एक पार्सल जातं. गेल्या अठरा वर्षांत त्या घराने पीकसंरक्षणाला जी काही प्रत्यक्ष मदत केली ती काकूंच्या नायलॉन साड्यांनी.

नानांचा सुवर्णक्षण आला तो ७ फेब्रुवारी २०१६ला, रविवारी. कुंदलहळ्ळीच्या एका शाळेत बिबट्या शिरला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणजे रहदारी नसेल तर. टीव्हीवर तेच, शाळेच्या तरणतलावाच्या काठावर त्याने पकडायला आलेल्या माणसांना लोळवलेलं सगळ्या देशाने बघितलं. जखमींत वन्यजीवांचा एक नामवंत अभ्यासकही होता. सोसायटीत हलकल्लोळ. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, लोक आपणहून नानांच्या दारात आले. तेलुगू, तमिळ, बिहारी, ज्यांनी कधी लिफ्टमध्ये नानांशी नजर मिळवली नव्हती ते चपला काढून हॉलमध्ये बसले. "सार, आता काय?"

नानांनी फायली काढल्या. बिबट्या म्हणजे साठ-सत्तर किलो, कातडी पातळ, पण चपळ. अंतर कमी. भिंती सिमेंटच्या, गोळी उलटून येण्याचा धोका. थर्टी-ओ-सिक्स बाद, आरपार जाऊन शेजारच्या इमारतीत घुसेल. थ्री-फिफ्टीनची गोळी जड, वेग बेताचा, विचार करण्यासारखी. बारा बोअरचे मोठे छर्रे? एकाने पंखा लावा म्हणून सांगितलं. काकूंनी दोनदा चहा केला. साडेनऊच्या सुमाराला नाना निर्णयाच्या अगदी जवळ आले होते. त्यांच्या कपाळावरून ते दिसत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातलं एक पोरगं मोबाइलमधून मान वर करून म्हणालं, "अंकल, पकडला कधीच. इंजेक्शन मारून."

लोक उठले. चपला घातल्या. नाना फाईल मिटून बसून राहिले. मला वाटलं, संपला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले तर काखेत चौथी कोरी फाईल. भुलीच्या सुईची बंदूक किती प्रकारची, हवेच्या दाबावर की काडतुसावर, आणि जनावराच्या वजनाचा अंदाज चुकला तर औषधाचं काय. आठवड्याभरात तो बिबट्या बन्नेरघट्टाच्या पिंजऱ्यातून पळाला. नानांना मनातून कुठेतरी बरं वाटलं असावं; चर्चेला वाव राहिला.

त्यांचा कारखान्यातला एक मित्र कोडगूचा. कोडवांना १९५९च्या शस्त्रकायद्यातून सूट आहे, घरात बंदूक ठेवायला परवाना लागत नाही. २०१९ साली सरकारने ती सूट आणखी दहा वर्षांनी वाढवली. नाना या मित्राकडे जावयाकडे बघावं तसं बघतात. त्याने एकदा कैलपोदला, म्हणजे त्यांच्या शस्त्रपूजेच्या सणाला नेलं. देवघराजवळ बंदूक उभी, नळीत अग्निशिखेचं फूल खोवलेलं. नाना हात जोडून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "निवडलीत कशी? काय काय बघितलंत?"

मित्र म्हणाला, "निवडली कुठे? आजोबांची आहे."

न निवडता मिळालेली बंदूक! नाना त्या वाक्यातून अजून सावरलेले नाहीत. दुपारी नारळावर नेम धरायची चढाओढ झाली. उंच झाडावर नारळ, खाली गर्दी. मित्राने सहज म्हटलं, नाना, तुम्हीही या नेमबाजांजवळ, जवळून बघा. नानांनी जवळ जाऊन विचारलं, अंतर किती, वारा कुठून, नेम किती यार्डांना बांधलाय. ते गणित तोंडावर येईस्तोवर नऊवारीसारखी साडी नेसलेल्या एका आजींनी बंदूक खांद्याला लावली आणि नारळ फोडला. मागे निऱ्या असलेली साडी. नाना ते सांगताना निऱ्यांचं वर्णन बारकाईने करतात, बंदुकीचं करत नाहीत.

२०१९ सालाने त्यांना आणखी एक फटका दिला. तोवर माणशी तीन बंदुका चालायच्या. नानांनी वाद मिटवून टाकला होता: एक थ्री-फिफ्टीन, एक थर्टी-ओ-सिक्स, एक टू-टू. कायदा बदलला, तीनाच्या दोन झाल्या. "एक गेली," नाना माझ्या दारात येऊन म्हणाले. चेहरा असा, की मी आधी चप्पल घालून निघालोच होतो, कुठल्या हॉस्पिटलात हे विचारत. घरात एकही बंदूक नसलेल्या माणसाची एक बंदूक सरकारने काढून घेतली होती. कोणती सोडायची यात पुढची पाच वर्षं गेली. टू-टू जवळजवळ सुटलीच होती, तर १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला टू-टूनेच ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिक ब्राँझ आणलं. नानांनी सातव्या मजल्यावर पेढे वाटले. डोळ्यांत पाणी होतं. "आमच्याच जिल्ह्यातला," म्हणाले. "आणि बघ, एकेक गोळी हाताने भरायची, घाई नाही." टू-टू यादीत परत आली.

शेवटी काकूंनीच त्यांना धाडलं. म्हणाल्या, एकदा काय तो अर्ज तरी करा, नाहीतर फायली रद्दीत घालते. नाना परवान्याच्या कचेरीत गेले. मला सोबत नेलं. कागद चोख: वैद्यकीय दाखला, बंदूक कुलपात ठेवण्याची हमी, सातबारा, भावाचं संमतिपत्र. खिडकीतल्या हवालदाराने सगळं शांतपणे चाळलं आणि चष्म्यावरून बघून विचारलं, "यारिगे सार?" कोणासाठी?

"काडुहंदी," नाना म्हणाले. रानडुक्कर.

"मारतहळ्ळीयल्ली काडुहंदी एल्लिदे सार?" मारतहळ्ळीत रानडुक्कर कुठे आहे?

नानांनी शेत आजऱ्यात असल्याचं सांगितलं. हवालदार भला माणूस. त्याने आतून कायद्याचं पुस्तक आणलं, बोट ठेवलं. नानांकडे तीच तिसरी फाईल होती, त्यात तेच कलम होतं, तेरावं, पण अठरा वर्षं नाना कॅलिबरच्या पानांवर असल्यामुळे त्यांनी ते कधी नीट वाचलं नव्हतं. पिकाच्या राखणीसाठी कायदा पहिल्यांदा जी बंदूक देऊ करतो ती ठासणीची. ना खटका, ना काडतूस, ना कॅलिबरचा वाद. दारू घाला, छर्रे घाला, गजाने ठासा.

परतताना रिंग रोडवर मेट्रोच्या खांबांखाली आम्ही पाऊण तास एकाच जागी उभे होतो. नाना काचेबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या आज्याकडे होती ठासणीची. परवाना नवा करायचा राहिला म्हणून भावाने चौकीत जमा केली." पुन्हा गप्प. पुढे गाडी दोन हात सरकली. "नळीची जाडी किती होती कुणास ठाऊक."

घरी पोचलो तर दार उघडंच, आणि आतून भांडी पडल्याचा आवाज. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक माकड बसलं होतं. हुप्प्याएवढं नाही, इथली ती डोक्यावर भांग पाडलेली जात. एका हातात राजेळी केळं, दुसऱ्या हातात नानांची दुसरी फाईल. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. सकाळी निघायच्या आधी नानांनी मला शेवटची उजळणी म्हणून वर-मागे-पुढे करून दाखवलं होतं; खाली करायचं राहिलं. तेल घातलेली ती कडी, माकडाने दार नुसतं ढकललं असेल, अलगद मागे आली असेल.

नाना उंबऱ्यावर थिजले. ओठ हलत होते. मला ऐकू आलं, "सात-आठ किलो. नऊ फूट. बसलेलं..."

काकू आतल्या खोलीतून आल्या, डास मारायची बॅट घेऊन. बटण दाबलं, बॅट तडतडली, आणि त्यांनी ती ओट्यावर एकदाच आपटली. माकडाने केळं ठेवलं, फाईल नेली. तुळशीवरून कठड्यावर, कठड्यावरून पाइपवर, आणि थर्टी-ओ-सिक्सची पानं सातव्या मजल्यावरून एकेक करत टँकरच्या दिशेने.

काकूंनी दार लावलं, कडी सरकवली, दांडा खाली पाडला. टक.

नानांनी त्यांच्या हातातली बॅट घेतली. उलटीसुलटी करून बघितली. मुठीजवळचं बारीक अक्षरातलं लेबल चष्मा वर करून वाचलं.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं. "घेताना दुसऱ्या बघितल्या होत्यास का?"